सबनीस मास्तरांचा अर्धा तास

परवा संध्याकाळी आमच्या घरामागच्या मैदानावर शाळेच्या पोरांचा फुटबॉलचा सामना चालला होता. मी काठी टेकून कुंपणाशी उभा होतो. शेजारी एक गृहस्थ स्कूटर उभी करून मुलाची वाट बघत होते. दोन-तीनदा मनगटावरचं घड्याळ बघून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "आजोबा, एवढ्या वयाच्या मुलांचा सामना साधारण किती वेळ चालतो हो?"

मी म्हणालो, "हल्लीचं माहीत नाही. आमच्या वेळी सबनीस मास्तरांना हवा तेवढा चालायचा."

ते हसले. म्हाताऱ्यानं काहीतरी गंमत केली असं त्यांना वाटलं. मी गंमत केली नव्हती. घरी आलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो, तरी सबनीस मास्तर डोक्यातून जाईनात. इतक्या वर्षांत मी खूप जणांना क्षमा करून टाकली. वय झालं की माणसाला राग धरून ठेवायचा कंटाळा येतो. या एका माणसाच्या बाबतीत मला अजून कंटाळा आलेला नाही.

मी त्यांना 'ते' म्हणतो ती जिभेची सवय आहे. मास्तरांना अरेतुरे करायचं नाही असं घरातून शिकवलेलं. त्यात आदर शोधू नये.

सबनीस मास्तर आमच्या हायस्कुलात ड्रिल शिकवायचे. ही गोष्ट तीस सालच्या मार्शल लॉच्या आधीची. तेव्हा सोलापुरात अर्ध्या गावाचं उठणं, जेवणं, झोपणं गिरण्यांच्या भोंग्यावर चालायचं. मास्तरांची उंची बेताची होती, पण चालताना हनुवटी अशी वर धरलेली असायची की समोर कुणीतरी उंच माणूस उभा आहे आणि मास्तर त्याला दटावताहेत असं वाटावं. खाकी अर्धी विजार, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या, तपकिरी बूट. ते बूट आमच्यातली दोन मुलं रोज सकाळी पुसायची. पाळ्या लावून दिल्या होत्या. मिशांची टोकं मेण लावून वर वळवलेली. पहिल्या महायुद्धात ते इराकात, बसऱ्याला होते. तिथं त्यांनी काय काय केलं ते दरवर्षी थोडं वाढायचं. माझ्या वडिलांच्या कचेरीत बसऱ्याला जाऊन आलेले एक कारकून होते, ते म्हणायचे, "सबनीस ना? कोठारात ब्लँकेटं मोजायला होता." ब्लँकेटं मोजण्यात कमीपणा नाही. पण मग आम्हा तेरा-चौदा वर्षांच्या पोरांवर लढाईचा राग काढायचं कारण नव्हतं.

गळ्यात काळ्या दोरीला बांधलेली शिट्टी असायची. कोटाच्या आतल्या खिशात घड्याळ होतं. ते त्यांच्याखेरीज कुणी पाहिलेलं नव्हतं. एकदा सराव चालू असताना गोखल्यांच्या बाळूनं विचारलं, "सर, किती वेळ राहिला?" मास्तरांनी खेळ थांबवला, त्याला जवळ बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खेळ माझ्या शिट्टीनं सुरू होतो आणि माझ्या शिट्टीनं संपतो. मधला वेळ तुझ्या बापाचा नाही." मग त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि घरी निघताना त्याला थांब म्हणून सांगायला विसरले. बाळू अंधार पडेपर्यंत पळत होता. त्याची आई कंदील घेऊन शोधायला आली.

ही त्यांची नेहमीची वाक्यं होती. "वेळ भित्रे विचारतात." "पाणी पोटात गेलं की पाय जड होतात." हे दुसरं वाक्य ते चैत्रातसुद्धा म्हणायचे. सोलापूरचा चैत्र ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. मैदानाच्या कोपऱ्यात माळ्याचा माठ होता. हाफ टाइमला एक मुलगा गुपचूप जाऊन त्यातलं पाणी प्यायला, तर मास्तरांनी उरलेला माठ त्याच्या डोक्यावर देऊन त्याला उन्हात उभं केलं. माठ पाझरत होता. पाणी त्याच्या कपाळावरून, नाकावरून ओघळत होतं आणि त्याला ते चाटायची बंदी होती. मास्तर मधूनमधून जवळ जाऊन त्याचं तोंड मिटलेलं आहे ना ते बघून येत होते.

गावात मात्र त्यांचं नाव होतं. माझे वडील म्हणायचे, "शिस्तीचा माणूस. असे चार सबनीस असते तर गाव सुधारलं असतं." लग्नामुंजीत त्यांना पुढच्या रांगेत बसवायचे. त्याचं कारण एकच होतं. शहरातल्या मुलांच्या सामन्यांसाठी एका धनिकानं एक चांदीची ढाल ठेवली होती आणि ती ढाल लागोपाठ काही वर्षं आमच्या शाळेकडे होती. हेडमास्तरांच्या खोलीत तिची जागा असताना ती मास्तरांच्या ड्रिलच्या खोलीत, डंबेल्सच्या कपाटावर टांगलेली असायची. कुणी पाहुणा शाळेत आला की हेडमास्तर स्वतः त्याला तिकडे घेऊन जायचे.

ढाल आम्ही कशी जिंकायचो ते सांगतो. मोठ्या माणसांचा सामना दीड तासाचा असतो. आमच्या वयाच्या मुलांसाठी सगळ्या शाळांनी मिळून अर्धा तास आणि अर्धा तास, मध्ये थोडी विश्रांती, असं ठरवलेलं होतं. आणि रेफरी? गावात फुटबॉलचे नियम पाठ असलेला माणूस एकच, तोच रेफरी. आमचाच मास्तर आमच्याच सामन्यात शिट्टी घेऊन उभा राहतो यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मास्तर गोल चोरत नसत. हात लागला तर आमच्या विरुद्धसुद्धा शिट्टी वाजवायचे, आणि म्हणून लोक त्यांना निःपक्षपाती म्हणायचे. ते फक्त वेळ चोरायचे. आम्ही पुढे असलो की त्यांचा अर्धा तास लवकर भरायचा. आम्ही मागे असलो की तो भरतच नसे.

एकदा दुसऱ्या एका शाळेशी सामना होता. आमचा एक गोल झालेला. विश्रांतीनंतर खेळ सुरू होऊन जेमतेम रंगात येत होता, त्यांची पोरं आमच्या गोलापाशी घोटाळत होती, तेवढ्यात शिट्टी झाली. त्यांचे मास्तर म्हणजे संस्कृत शिकवणारे एक वयस्क, सौम्य गृहस्थ. ते छत्री सांभाळत मैदानात आले. "सबनीस, इतक्यात झाला का हो अर्धा तास?"

"शास्त्रीबुवा," मास्तर म्हणाले, "मुलांना ऊन बाधतंय. तुम्हाला सावलीत बसून कळायचं नाही."

शास्त्रीबुवा बापडे "असं का, असं का" म्हणत परत गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे वाटले. आमचा कप्तान दत्तू काळे यानं पेढा घेतला, बोटांनी मधोमध मोडला, अर्धा खाल्ला आणि अर्धा ताटलीत परत ठेवला.

"हे काय रे?" मास्तरांनी विचारलं.

"अर्ध्याच सामन्याचा हाय की सर," दत्तू म्हणाला.

पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी तो अर्धा पेढा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला आणि चघळत चघळत दत्तूकडे बघत राहिले.

दत्तू नातेपुत्याकडचा. घरी शेती, शिकायला म्हणून सोलापुरात एका विद्यार्थिगृहात राहायचा. आम्ही पेठेतली पोरं त्याच्या 'न्हाय'ला आणि 'कुटं'ला हसायचो, पण मैदानावर त्याच्या शब्दाबाहेर कुणी नसायचं. उंच, हाडापेरानं मोठा, आणि स्वभावानं अगदी गरीब गाय. त्याला शिकून मामलेदार कचेरीत चिकटायचं होतं. तेवढंच त्याचं स्वप्न होतं आणि ते काही फार मोठं नव्हतं.

त्या वर्षी ढालीच्या सामन्यांत पहिल्यांदाच साखर पेठेतल्या विणकरांच्या पोरांचा संघ उतरला. घरी तेलुगू बोलणारी, दिवसा मागावर बापाला हात देणारी आणि संध्याकाळी अनवाणी खेळणारी पोरं. त्यांचा गोलकीपर नरसय्या आमच्याच वयाचा होता. काटकुळा, मोठ्या डोळ्यांचा. चेंडू येताना दिसला की तो आधी हसायचा आणि मग झेप घ्यायचा. अंतिम सामन्याच्या आधीचा सामना त्यांच्याशी पडला. मार्गशीर्षातले दिवस, किल्ल्याजवळचं मैदान. त्यांनी विश्रांतीआधीच आमच्यावर एक गोल केला. नंतर आम्ही सगळे मिळून त्यांच्या गोलावर तुटून पडलो, पण नरसय्या काही चेंडू आत जाऊ देईना.

गिरणीचा भोंगा झाला. साखर पेठेची पोरं त्या भोंग्यावरच वाढलेली. त्यांच्यातला एक जण हात वर करून ओरडला, "सर, भोंगा झाला! टाइम झाला!"

"खेळा!" मास्तर ओरडले.

आम्ही खेळलो. सूर्य किल्ल्याच्या बुरुजामागे गेला. कडेला शेंगा विकणाऱ्या माणसानं चिमणी पेटवली. चेंडू आता चेंडू दिसत नव्हता, काळं काहीतरी हलताना दिसायचं. मी फुल बॅक होतो, त्यामुळे मागे उभा राहून हे सगळं बघत होतो. साखर पेठेची पोरं एकमेकांना तेलुगूत हाका मारत होती, कारण कोण कुठं आहे हे दिसत नव्हतं. आमच्याकडचीही दमली होती. बाळूनं दोनदा थांबून गुडघ्यांवर हात टेकले. मास्तर त्याच्या अंगावर धावून गेले. "पळ! ढाल जाते आहे, पळ!"

मग दत्तूनं लांबून एक चेंडू मारला. नरसय्या तो धरायला पुढे झेपावला आणि त्याच वेळी आमचे दोघे पळत येऊन त्याच्यावर पडले. कुणालाच कुणी दिसलं नव्हतं. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मी एवढ्या मागे होतो तरी मला तो ऐकू आला.

नरसय्या ओरडला नाही. त्याचा भाऊ ओरडला, "कालु विरिगिंदी!" पाय मोडला.

चेंडू घरंगळत गोलात गेला होता. मास्तर तिथं चालत गेले. पडलेल्या पोराला वळसा घालून त्यांनी चेंडू रेषेच्या आत आहे का ते वाकून पाहिलं, शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "गोल." मग चेंडू मध्यावर न्यायला सांगितला. साखर पेठेची पोरं नरसय्याभोवती गोळा झालेली. कुणी जागेवर येईना. मास्तरांनी दोनदा हाक मारली आणि जाहीर केलं की विरुद्ध संघ खेळायला तयार नाही, सबब आमची शाळा विजयी.

दत्तू त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "सर, त्याचा पाय मोडलाय."

"गोलकीपर अंगावर आला. खेळात हाडं मोडतात," मास्तर म्हणाले. "जा, कपडे बदल."

शेंगावाल्याच्या पोत्यावर घालून नरसय्याला त्याच्या लोकांनी नेलं.

तीन-चार दिवसांनी दत्तू मला म्हणाला, "मला साखर पेठ ठावं न्हाय. चल माज्यासंगं." आम्ही गेलो. गल्लीभर मागांची खटखट. नरसय्याचं घर म्हणजे एक खोली, आणि तिचा बराचसा भाग मागानं व्यापलेला. मागाला जमिनीत खड्डा असतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून काठावर बसतो आणि पायांनी खालच्या फळ्या आलटून पालटून दाबतो. नरसय्याचे वडील विणत होते. त्यांनी मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि पुन्हा विणू लागले. नरसय्या कोपऱ्यात पडला होता. हाड बसवणाऱ्यानं पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. पाय आतापासूनच वाकडा दिसत होता. आम्हाला बघून तो हसला, चेंडू येताना हसायचा तसाच.

त्याची आई दाराशी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिनं आम्हाला चटई दिली. मग तिनं तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "पोरांचा खेळ किती वेळ अस्तो?"

दत्तू म्हणाला, "अर्धा तास. मग इसावा. मग आनि अर्धा तास."

"कधी चालू केला?"

"ऊन व्हतं तवा."

तिनं हातातली कांडी खाली ठेवली. "मग उजेड कुटं गेला?"

दत्तूनं मान खाली घातली. ती रागानं बोलली नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं. ऊन असताना सुरू झालेला तासाभराचा खेळ अंधारात कसा पोचतो, हे तिला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. परतल्यावर विद्यार्थिगृहाच्या दारात दत्तू मला म्हणाला, "आता बास."

अंतिम सामना पुढच्या आठवड्यात होता. ढाल द्यायला शहरातले एक नावाजलेले वकील येणार होते. मैदानाच्या कडेला त्यांच्यासाठी खुर्ची, शेजारी हेडमास्तर, मागे आमचे आईबाप. माझे वडीलही आले होते. दोन्ही संघ ओळखीसाठी रांगेत उभे राहिले. वकीलसाहेब एकेकाशी हात मिळवत दत्तूपर्यंत आले, तेव्हा त्यानं नमस्कार केला आणि मोठ्यानं म्हणाला, "साहेब, तुमच्याजवळ घड्याळ हाय का?"

"आहे की."

"मग अर्धा तास झाला की रुमाल वर कराल का? आमच्या सरांना खेळाकडं बगावं लागतं. घड्याळाकडं बगायला येळ गावत न्हाय."

वकिलांना पोराचं कौतुक वाटलं. "करतो की! काय सबनीस, चालेल ना?"

मास्तर म्हणाले, "आपली इच्छा." त्यांच्या मानेवरची शीर ताठ झालेली मी पाहिली.

पहिल्या अर्ध्या तासाला रुमाल वर झाला आणि शिट्टी वाजली. विश्रांतीत मास्तर दत्तूजवळ आले आणि ओठ न हलवता म्हणाले, "शाळेत ये उद्या." दुसऱ्या अर्ध्यात आमच्यावर गोल झाला. आम्ही जीव तोडून खेळलो. दत्तू तर असा खेळला की तसा तो पूर्वी कधी खेळला नव्हता. त्याला जिंकायचं होतं, हे मी पैजेवर सांगेन. त्यानं डोक्यानं मारलेला एक चेंडू गोलाच्या दांडीला लागून बाहेर गेला. गोल झाला नाही.

वकीलसाहेबांचा रुमाल वर झाला.

मास्तरांनी तिकडे पाठ केली. खेळ चालू राहिला. वकिलांनी रुमाल हलवला. हेडमास्तर खुर्चीवरून अर्धवट उठले आणि परत बसले. लोकांत कुजबुज सुरू झाली. मास्तर पळत होते, हात हलवत होते. "खेळा! खेळा! वेळ आहे!"

दत्तू मैदानाच्या मध्यावर थांबला. एकदा कडेच्या रुमालाकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि मातीत मांडी घालून खाली बसला.

"काळे! ऊठ!"

दत्तू बसून राहिला. मग बाळू बसला. मग आमचे दोन्ही फॉरवर्ड बसले. मीही बसलो. बसताना वडील बघताहेत हे मला ठाऊक होतं. एकेक करत आमचा सबंध संघ खाली बसला. उभे राहिले विरुद्ध संघातले अकरा जण आणि मास्तर. चेंडू त्यांच्या फॉरवर्डच्या पायात होता, पुढे सगळं मोकळं. मास्तर त्याच्यावर खेकसले, "बघतोस काय? खेळ चालू आहे! मार!" आपल्या शाळेविरुद्ध गोल झाला तरी चालेल, पण खेळ आपल्या शिट्टीआधी थांबता कामा नये, इथपर्यंत तो माणूस गेला होता. त्या मुलानं आमच्याकडे पाहिलं. मग पायानं चेंडू हलकेच बाजूला, रेषेबाहेर ढकलला आणि तोही बसला, त्याच्या मागोमाग त्याचा सबंध संघ बसला.

मैदानावर उभा असा एकच माणूस उरला. त्यानं शिट्टी वाजवली. पण तोपर्यंत वकीलसाहेब ढाल हातात घेऊन उठले होते आणि कुणाचं शिट्टीकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दत्तूला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. आम्ही व्हरांड्यात उभे होतो, दार उघडं होतं. हेडमास्तर माणूस चांगला होता, पण त्यांना वाद सोसत नसे. ते म्हणाले, "काळे, सबनीसांची माफी माग आणि विषय संपव."

"कशाबद्दल सर?"

"तू खेळ अर्धवट सोडलास."

"खेळ संपल्यावर बसलो सर. साहेबांनी रुमाल केला व्हता."

"रेफरी कोण? वकील की मी?" मास्तर म्हणाले.

दत्तू त्यांच्याकडे वळला. "सर, एकदा साखर पेठेत चला. नरसय्याच्या आईला सांगा उजेड कुटं गेला. मग मी तुमच्या पाया पडून माफी मागतो."

मास्तरांनी त्याच्या थोबाडीत मारली. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. मग मास्तर म्हणाले, "या शाळेत एक तर हा राहील नाही तर मी राहीन." शाळेला ड्रिलमास्तर हवा होता. दत्तूच्या दाखल्यावर 'वर्तणूक असमाधानकारक' असा शेरा पडला आणि तो शेरा पाहून दुसऱ्या कुठल्या शाळेनं त्याला घेतलं नाही. बाकी आम्हा सगळ्यांना हातावर छड्या मिळाल्या. माझ्या वडिलांनी घरी आणखी दिल्या. "शिस्तीच्या माणसाचा अपमान केलात," म्हणाले.

दत्तू नातेपुत्याला परत गेला. त्याला पोचवायला मी मोटारीच्या अड्ड्यावर गेलो होतो. मला रडू येत होतं, तो मात्र शांत होता. "मामलेदार कचेरीला कळलं की न्हाय, त्यांचं किती नुकसान झालं ते?" असं म्हणून हसला. पुढे त्यानं शेती केली, बाजाराच्या दिवशी बैलांची दलाली केली, पोटापुरतं मिळवलं. आमची भेट व्हायची. मी एकदा विचारलं, पश्चात्ताप होतो का? तो म्हणाला, "शिकायचं राहिलं त्याचं वाईट वाटतं. बसल्याचं न्हाय."

नरसय्याचा पाय वाकडाच बसला. फळी दाबायला त्याला जोर लावता येईना. वडिलांचा माग त्याच्या धाकट्या भावाकडे गेला आणि नरसय्या आईशेजारी बसून कांड्या भरू लागला. तिथं ते काम बायका आणि लहान मुलं करतात.

आणि सबनीस मास्तर? त्यांचं काहीएक बिघडलं नाही. पुढच्या वर्षी तेच रेफरी, तीच शिट्टी. ढाल परत आली आणि कपाटावर चढली. निवृत्त झाले तेव्हा मोठा समारंभ झाला, भाषणं झाली, शालजोडी दिली. मला बोलावणं होतं. मी गेलो नाही.

तरुणपणी मी त्यांच्याबद्दल पुष्कळ विचार करायचो. कोर्टात कारकुनी करताना समोर माणसं येत, त्यांचे गुन्हे येत, आणि माझ्या मनात हा माणूस येई. शेवटी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती, की काही माणसांच्यात ती जाणीवच नसते. दुसऱ्याचं अंग दुखतं, घसा कोरडा पडतो, पाय लटपटतात, हे काही जणांना दिसतच नाही, जसा एखाद्याला लाल रंग दिसत नाही. सबनीस मास्तर तसे असतील. त्या समजुतीनं राग गेला नाही, पण त्याची धार जरा कमी झाली होती.

मग एका संक्रांतीला मी बायकोला घेऊन तळ्याकाठी भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत गेलो होतो. पाळणे, फिरते लाकडी घोडे, धूळ, पिपाण्या. त्या घोड्यांपाशी मला मास्तर दिसले. मिशा पांढऱ्या झालेल्या, मेण नव्हतं, टोकं खाली उतरलेली. अंगात साधा सदरा, धोतर. चार-पाच वर्षांचा एक नातू घोड्यावर बसला होता आणि प्रत्येक फेरीला आजोबांना हात करत होता. आजोबाही प्रत्येक फेरीला हात करत होते. फेऱ्या संपल्या. घोडेवाला म्हणाला, "आणखी एक डाव, आजोबा?"

मास्तर पोरापुढे उकिडवे बसले. त्याच्या कपाळावर आलेले केस मागे सारले, त्याचे तळवे हातात घेऊन पाहिले आणि इतक्या मऊ आवाजात बोलले की मी आधी दुसरं कुणी बोलतंय का ते पाहिलं.

"दमलास का रे सोन्या? पाय दुखतात? पुरे करू या?"

पोरानं होकारार्थी मान हलवली. मास्तरांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. वळताना त्यांची माझी नजरानजर झाली. त्यांनी ओळखलं. तोंडभर हसले. "अरे, आमचा फुल बॅक ना तू? पोरगं दमलंय बघ. लहान मुलांना फार ताणू नये."

बायको नमस्काराला वाकणार होती. मी तिचा हात धरला.

मास्तर क्षणभर थांबले, मग काहीतरी पुटपुटून पुढे निघाले. म्हणजे पोरांचं दमणं त्यांना दिसत होतं. सगळं दिसत होतं, तेव्हाही. मी तिथंच उभा राहिलो. नातवाचं डोकं त्यांच्या मानेवर कलंडलं होतं. झोपेत ते घसरू नये म्हणून एका हातानं त्याची पाठ सांभाळत, दुसऱ्या हातानं लोकांना बाजूला सारत, सावकाश, अगदी सावकाश, ते तळ्याच्या बाजूला गर्दीत दिसेनासे झाले.